आईंचं तिकीट आणि झीग नदीतला ड्योबेल

बॉन, रविवार

श्री. उल्हासराव यांस,

साष्टांग घालायला आमच्या हॉलमध्ये जागा नाही (मधोमध मीनलचा कपडे वाळत घालायचा स्टँड असतो), तेव्हा बसल्या खुर्चीतून नमस्कार आणि विनंती विशेष. तुमची पाठ कशी आहे? वहिनींचा गुडघा? इकडे सर्व क्षेम. स्पृहा तिसरीत गेली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, त्यामुळे घरात वाद सुरू झाला की ती आपोआप त्रयस्थ होते. मीनल ठीक. तुमच्या मातोश्रीही ठीक, किंबहुना ठीकच्या जरा पुढे गेल्या आहेत, आणि त्याबद्दलच हे पत्र. तुम्ही फोनवर विचारलंत, आईंचं सप्टेंबरचं तिकीट काढू ना? बाबा गेल्यापासून त्या गप्प झाल्यात, जर्मनीत त्यांना बोलायला माणूस नाही, पेनसिल्व्हेनियात मराठी मंडळ आहे, भजनं आहेत, तेव्हा आता कायमच्या तुमच्याकडेच राहू देत. मुद्दा बिनतोड आहे. मी जावई माणूस, मायलेकरांच्या मध्ये पडत नाही. घडलं ते कळवतो, निर्णय तुमचा. (हे व्हॉट्सॲपवरच लिहिलं असतं, पण फॅमिली ग्रुपवर आईही आहेत.)

तर सुरुवात तुमच्यापासूनच होते. माझं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या शांत बसायचा एखादा छंद लावून घ्या, आणि तुम्ही मला फोनवर स्मॉलमाउथ बास हा मासा समजावून सांगितलात. वाहत्या नदीत खडक असतो, खडकाच्या आडोशाला पाणी संथ होतं, तिथे तो दबा धरून बसतो, गळाला लागला की हातभर उडी मारतो, मग त्याला अलगद उचलायचं, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं. हिंसा नाही, नुसता व्यायाम, शाकाहारी माणसालासुद्धा चालतं. मला पटलं. (आमच्या घराण्याची पापाची मजल केकमधल्या अंड्यापर्यंत, तेही अंडं न म्हणता.) मग तुम्ही रॉड पाठवलात, गळाला लावायचे रबरी बेडूक पाठवलेत. ते बेडूक सध्या झीग नदीच्या काठच्या एका विलोच्या झाडावर लटकलेले आहेत, पावसाळ्यात ओरडले तर कळवीन. स्मॉलमाउथ बास इथे नाहीच, हे दुकानदाराने रॉडला नवीन दोरा भरून, त्याचे पैसे घेऊन झाल्यावर सांगितलं.

बरं, इथे नदी दिसली, टाकला गळ, असं चालत नाही. आधी कोर्स, मग परीक्षा, मग फिशरायशाइन नावाचं लायसन्स, मग त्या त्या नदीचा वेगळा परवाना. परीक्षेला मी घाबरत नाही. आपण सगळे पाठांतरावर वर आलेली माणसं. माशाला आधी डोक्यावर दंडुका मारून बेशुद्ध करावे, मग सुरी कुठे आणि कशी घालावी, हे मी असं घडाघडा सांगितलं की परीक्षक खूश झाले. पहिल्याच प्रयत्नात पास. पण उल्हासराव, आपल्याकडे परीक्षा पास होण्यासाठी देतात. शिकलेलं पुढे करावं लागतं, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नव्हती. त्याच कोर्सात हेही शिकवलं होतं की इथे नुसत्या मजेसाठी मासा पकडून सोडायचा नसतो, खायचा असेल तरच पकडायचा. तेही मी बरोबर लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क.

आई माझ्यासोबत नदीवर यायला लागल्या त्या मीनलमुळे. घरात बसून बसून आई भिंतीसारखी झालीय, तिला हवा लागू दे, असं ती म्हणाली. त्यात खोटं नव्हतं. दोन वर्षं आईंच्या तोंडून तीनच शब्द ऐकत होतो, हो, नको आणि चालेल. नदीवरही त्या फोल्डिंगच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसायच्या आणि पाण्याकडे बघायच्या. मी गळाला कणकेची गोळी लावायचो (गांडूळ माझ्याच्याने होत नाही). महिनाभर एकही मासा लागला नाही, ब्लडप्रेशर झकास उतरलं. मग एका शनिवारी आई चौथा शब्द बोलल्या, "हिंग." मी म्हटलं, काय? "कणकेत हिंग घाला." पुढच्या शनिवारी घातला. दहा मिनिटांत रॉड असा वाकला की मी खुर्चीसकट पुढे गेलो.

मासा निघाला ड्योबेल. हातभर, जाड मानेचा, रुपेरी खवल्यांचा. बासचा कुणी नव्हे, पण तुमच्या शिकवणीप्रमाणे मी फोटो काढला, सॉरी म्हटलं आणि जाळं पाण्यात बुडवून त्याला सोडणार, एवढ्यात मागून कुणीतरी गुटेन मोर्गेन म्हणालं. नदीवरचा निरीक्षक. छातीवर बिल्ला, कमरेला मोजपट्टी, सोबत कुत्रं. त्याने कागद बघितले, मासा मोजला आणि म्हणाला, आल्झो, मासा नियमात बसतो, छानच आहे, घरी न्या. मी म्हटलं, मी सोडणार आहे. का? मी शाकाहारी आहे. त्याने माझ्याकडे बघितलं, रॉडकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. मग अगदी सभ्यपणे त्याने विचारलं, मग तुम्ही मासे पकडता कशाला? उल्हासराव, या प्रश्नाला डॉक्टरीणबाई, ब्लडप्रेशर आणि अमेरिकेतला मेहुणा हे उत्तर मराठीतसुद्धा बरं वाटत नाही. दंड, परवाना रद्द, आणि माझ्या नागरिकत्वाच्या अर्जाला लागणारी नदीची ओल, असं सगळं डोळ्यांपुढून गेलं. तेवढ्यात आई खुर्चीतून उठल्या. त्यांना जर्मन ओ की ठो कळत नाही, पण समोर काय चाललंय ते कळलं. "अहो चंद्रशेखर, त्यांना सांगा, मी खाणार आहे."

मी सांगितलं. निरीक्षक म्हणाला, गेनाऊ, बरोबर, मग प्रश्नच मिटला, करा सुरुवात. म्हणजे दंडुका. मी दंडुका हातात घेतला आणि मला सगळं पाठ होतं, फक्त हात वर जाईना. मासा माझ्याकडे बघत होता. मी डोळे मिटले, रामरक्षेची पहिली ओळ म्हटली, दुसरी आठवेना. हातातून दंडुका गेला, टक् असा एकच आवाज आला, आणि डोळे उघडले तेव्हा आई पदराला हात पुसत होत्या. सुरीचं कामही त्यांनीच उरकलं. आईंकडे लायसन्स नाही. निरीक्षक बराच वेळ पलीकडच्या काठावरचा बगळा बघत होता, फार बारकाईने. जाताना एवढंच म्हणाला की या माशात काटे खूप, इथे कुणी खात नाही, गुटेन आपेटीट, म्हणजे सावकाश जेवा.

घरी मीनलने दार उघडलं, पिशवीत बघितलं आणि म्हणाली, आई, तू? आई म्हणाल्या, लग्नाआधी कणकवलीला मी काय खात होते, पालक? हे तुम्हालाही ठाऊक नसेल, कारण साताऱ्याच्या घरात कुणी विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांचे वडील गड नदीवर जायचे, पाठोपाठ परकर खोचून ह्या. लग्न झालं आणि एका दिवसात सगळं बंद. बाबांनी बंदी घातली नव्हती हो, देवमाणूस, फक्त तो विषय त्या घरात नव्हता. मीनलने तवा देणार नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मी खाली जाऊन नवीन आणला. आईंनी ट्रंकेतून तिरफळाची पुडी काढली. साताऱ्याच्या आमटीत तिरफळ पडत नाही एवढं मलाही कळतं, पुडी किती वर्षांची ते मी विचारलं नाही. बाल्कनीत शेगडी मांडून त्यांनी तो ड्योबेल केला, पाटावर बसल्या आणि एकेक काटा ताटाच्या कडेला ठेवत, कुणाकडे न बघता, सगळा खाल्ला. आणि मग बोलायला लागल्या. जेवणाच्या वेळेपासून संध्याकाळच्या दिव्यापर्यंत. तुमचे आजोबा, नदी, पूर, बहिणीच्या पायाला चावलेला खेकडा. स्पृहा मांडी घालून ऐकत होती आणि सारखी नॉख माल, नॉख माल (पुन्हा सांग, पुन्हा सांग) करत होती, मीनल आधी फुगून आणि मग डोळे पुसून. मलाही रडू आलं, लपवत नाही.

आणखी एक. तुम्ही दर रविवारी ग्रुपवर बासचा फोटो टाकता तेव्हा आई तो दोन बोटांनी मोठा करून किती तरी वेळ बघतात, आणि मीनल तुम्हाला कळवते की आई तुझी आठवण काढतेय. मी परवा मागून डोकावलो. तुम्ही कडेला, अर्ध्या कानापुरते उरला होतात. बाकी सगळा मासा होता.

तर असं आहे. माझं यात काही म्हणणं नाही. वहिनींना नमस्कार, पाठीला शेक द्या.

तुमचा,
चंद्रशेखर

ता. क. माझं म्हणणं आहे. तिकीट काढू नका. आई गेल्या तर मी पकडलेले मासे खाणार कोण? सोडायची सोय नाही, मारायची हिंमत नाही. पण हे झालं सबबीपुरतं. दोन वर्षांनी घरात कुणीतरी मोठ्याने हसतंय, मला सप्टेंबरात पुन्हा हो, नको, चालेल ऐकायचं नाहीये. तुमच्याकडच्या भजनांबद्दल आदर आहे. हात जोडतो, राहू द्या त्यांना.

ता. क. २ चि. उल्हास, अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायला जावयांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. तू मला न्यायचं ठरवलंस, जावई मला ठेवायचं ठरवतायत, दोघांचं प्रेम दिसलं. तुझ्या बाबांनी मला कधी नाही म्हटलं नाही आणि मीही त्यांना कधी विचारलं नाही, असं सगळं आयुष्य गेलं. आता विचारत नाही, सांगते. सप्टेंबरचं तिकीट काढ, जायचं आणि यायचं दोन्ही. तुझ्याकडे दोन महिने राहीन आणि परत येईन. फार दिवस राहता येणार नाही. चंद्रशेखरांना अजून एकट्याने मासा मारता येत नाही, फक्त पाठ आहे. — आई