बासष्टचे सव्वीस

॥ श्री वीतरागाय नमः ॥
निपाणी, ता. २ मे १९३७

ती. अण्णांस,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

जानेवारीत सायकलवरून म्हशीवर आदळून डोक्यावर पडलात, तेव्हा म्हैस सुखरूप असल्याचे कळवलेत. स्वतःचे कळवायचे राहिले. आता वहिनींचे पत्र आले, की गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातली फळी तुमच्या डोक्याला नुसती चाटून गेली आणि तुम्ही तीन दिवस खिडक्या लावून, डोळ्यांवर ओला पंचा ठेवून पडलात. त्याआधी छत्रीची दांडी, त्याआधी खिडकीचे दार. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली होती, ती बहुधा म्हशीला. हेडमास्तरांना सांगून रजा घ्या.

सासूबाईंनी तूप पाठवले आहे. ते खायचे, डोक्याला चोळायचे नाही.

लोभ आहेच, डोके शाबूत राहिले तर वाढवावा.
तुमची चंदना

टिळकवाडी, बेळगाव, ता. ८ मे

चि. सौ. चंदनास अ. उ. आ.

तूप पोचले. मी ठणठणीत आहे. फक्त ऊन, शाळेची घंटा, वाकणे, वाचणे आणि तुझ्या वहिनीचे प्रश्न सोसत नाहीत. बाकी प्रकृती पैलवानाची. रजा घ्यावी, तर माझी सहावीची खुर्ची मारुतीराव मास्तरांनी नजरेने मोजून ठेवली आहे. डोक्यात गोंधळ आहे असे गणिताच्या मास्तराने लेखी द्यायचे आणि तुझ्या तुपावर जगायचे, असा तुझा सल्ला दिसतो. एप्रिलात ऐंशी पेपर याच डोक्याने तपासले. कुणाची तक्रार नाही.

माया आहे तशीच ठेव, उपदेश कमी कर.
पायगोंडा

टिळकवाडी, ता. २० मे

चि. सौ. चंदनास अ. उ. आ.

तक्रार आजही नाही. येळ्ळूरचे भावकू काल आले ते हात जोडूनच. त्यांची जया सहावीत गणितात नापास झाली. लई शिकली पोर, आता दाखला द्या, पावसाआधी लगीन उरकतो, म्हणाले. पुढच्या शुक्रवारी या, असे मी सांगितले.

जया गणितात नापास होणारी मुलगी नव्हे. ते गेल्यावर पेपरांचा गठ्ठा काढला. तिच्या पेपरावर माझ्याच हातचे ६२, निकालपत्रकात माझ्याच हातचे २६. गुण उतरवले त्या सकाळी खिडकीचे दार कपाळाला लागले होते. ओळी पाण्यासारख्या हलत होत्या, तरी मी ऐटीत बसून राहिलो.

कुणाला कधी कळणार नाही, चंदना. त्याचीच भीती वाटते.

पायगोंडा

निपाणी, ता. २३ मे

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

आपल्या डोक्याला काही झालेले नाही, हे आता एका पोरीचे लग्न लावून सिद्ध करणार काय? शुक्रवारची वाट कसली बघता? पत्र खाली ठेवा, टोपी घाला, आधी हेडमास्तरांकडे आणि मग येळ्ळूरला जा. नोकरी गेली तर इकडे या. तंबाखूच्या वखारीत आकडे उलटे लिहिणारे पुष्कळ आहेत; फरक इतकाच, ते मुद्दाम लिहितात.

रागावली तरी तुमचीच,
चंदना

टिळकवाडी, ता. २७ मे

चि. सौ. चंदनास अ. उ. आ.

गेलो. हेडमास्तरांनी पत्रक दुरुस्त केले आणि मला चार महिने बिनपगारी रजा दिली. सहावी मारुतीरावांकडे गेली. त्यांनी हळहळ व्यक्त केली. ती त्यांना फार शोभली.

येळ्ळूरला बैलगाडीने गेलो. प्रत्येक हादऱ्याला कवटीत घण बसत होते. भावकूंना सारे सांगितले. शिव्या खायची तयारी होती, पण ते नुसते तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, दाखला ऱ्हाऊ द्या; पण मास्तर, मला काय सांगतासा, पोर किती दिस धड जेवली न्हाय, तिला सांगा. आणि जयाला बाहेर बोलावले.

पंधरा वर्षे फळ्यापुढे कधी अडखळलो नाही. त्या चौदा वर्षांच्या मुलीपुढे मला बासष्ट हा शब्द सापडेना. डोक्यामुळे की लाजेमुळे, ते डॉक्टरांना विचारायला हवे. शेवटी अंगणातल्या मातीत बोटाने आकडाच लिहून दाखवला. तिने वाकून दोन्ही अंक नीट पाहिले आणि मान वर न करता विचारले, की मग एवढे दिवस मी रडले ते कशापायी.



हे पत्र चार बैठकांत, खिडक्या लावून लिहिले. यापुढे लोभ आजारी माणसावर करतात तसा करावा.
पायगोंडा