डोक्यावरचं गाव

माघ, १९९२

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्या धनसिंगाचा नमस्कार. चाळीसगावच्या थंडीत तुझे गुडघे बोलायला लागले असतील, त्यांना जरा दटाव. भाऊजींचा खोकला बसला का? आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे जेवतो, झोपतो आणि उरलेल्या वेळात जमिनीची काळजी करतो.

नरडाण्याच्या कारखान्यांसाठी सरकार आपलं वरचं शेत घेणार, हे तुला कळलंच असेल (वाईट बातमीला एस.टी. लागत नाही). पण घेण्याआधी जुन्या वस्तूंच्या खात्याचे एक साहेब जमीन तपासायला आले. बांधाजवळची आपली पांढरी, फार पूर्वी जिथे वस्ती होती म्हणतात, तिथे त्यांना खड्डे घ्यायचे होते. म्हणाले, जुनं गाव जागच्या जागी सापडलं तर एवढं शेत सोडा असं मी वर लिहीन. अक्का, त्या दिवसापासून मी देवाजवळ पाऊस मागायचा सोडून खापऱ्या मागू लागलो.

ज्या शेताला मी नांगर लावतो, ते हा माणूस दाढीच्या ब्रशाने झाडत बसे! झुलाल नानांना (तेच, गावभर भांडणं लावून पुन्हा मिटवायला जाणारे) खात्री, की सोन्याचा हंडा निघणार. चहाची किटली घेऊन ते खड्ड्याच्या काठावरून हलेनात. निघालं काय, तर चिमूटभर राख आणि खाली कोरी काळी माती. साहेबांनी कपाळ पुसलं. वरचे थर गेले कुठे, म्हणून विचारू लागले. शेवटी नानाच बोलले, "साहेब, गाव ते आमना डोकावर शे!"

खरंच आहे की गं. पांढरीच्या मातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून आजा-पणजापासून गाड्या भरभरून आपण ती घरांच्या धाब्यांवर टाकली. साहेबांना शिडीने वर नेलं. तिथे हिने मिरच्या वाळत घातलेल्या. त्या बाजूला सारून ते मांडी घालून बसले, बोटाने जरा उकरलं, तर लाल मणी! मला उडीच मारावीशी वाटली (धाबं जुनं, म्हणून मारली नाही). पण साहेब हळूच म्हणाले, "धनसिंगभाऊ, जुना आहे, पण जागेवर नाही. जागेवरून हललेलं पुराव्यात धरत नाहीत."

शेत गेलं, अक्का. आपल्याच हातांनी आपण ते गाव उचललं, तेही घर गळू नये म्हणून. आता रागवायचं कुणावर? दुपारी आडवा झालो की छताकडे बघत राहतो. तो मणी कुणा बाईच्या गळ्यातला असेल, तिलाही कुणी असंच इथून ऊठ म्हटलं असेल का, असलं काहीबाही मनात येतं. फार वाईट वाटतं गं.

तुझा,
धनसिंग

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. तुझ्या लग्नानंतर आबांनी हट्टाने तुमच्या धाब्यासाठीही आपलीच माती पाठवली होती. आता भाऊजी स्लॅब टाकणार असं ऐकतो. ती माती फेकू नका, ट्रकने इकडे पाठवा. मी पांढरीवर नीट पसरतो आणि साहेबांना पुन्हा बोलावतो.

ता. ता. क. वरचं तुझ्या भावजयीला वाचून दाखवलं. म्हणाली, परत आणून टाकली म्हणजे जागेवर आली का? साहेबाला ब्रश लावताच कळेल. बरोबर आहे तिचं. माती राहू दे, अक्का. तू ये. साहेबांच्या हिशेबाने तूही जागेवरून हललेलीच, पण मी तुला पुराव्यात धरतो. कारखान्याचं कुंपण लागायच्या आधी एकदा बांधावर बसून भाकर खाऊ.