बेंजो थांबतो तिथं

१२ डिसेंबर २००३, शुक्रवार

छापून आलं! आमच्या सीडीबद्दल, मुंबईच्या इंग्रजी पेपरात, चांगलं अर्धं पान! कुंडलिक कल्याणहून पेपर घेऊन आला तो जीपमधून उतरून थेट माझ्याकडे. चपला काढायचंही भान नाही गड्याला. त्यानंच वाचून मराठीत सांगितलं. माझा बेंजो आणि त्याचा ऑक्टोपॅड, दोनच माणसं, मुरबाडच्या भाताच्या गिरणीत केलेलं रेकॉर्डिंग — आणि म्हणे यंदाची सगळ्यात धाडसी सीडी! आम्ही ‘पोस्ट-पंक जोडी’ आहोत असंही लिहिलंय. इतकी वर्षं लोकांच्या हळदीत वाजवतोय, आम्हालाच पत्ता नव्हता.

“पंक म्हंजे काय रे?” मी विचारलं.

“राग आला की वाजवतात ते.”

“आन पोस्ट?”

“राग गेल्यावर.”

मग मी नुसता पंकच बरा. माझा राग जातो कुठे!

आयला पेपर दाखवला. फोटो लांब धरून बघितला आणि म्हणाली, “केस काप.” झालं कौतुक.

१३ डिसेंबर

पेपरवाल्याला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? प्रत्येक गाण्यात आम्ही मध्येच गप्प होतो ते! ‘शांततेचा धीट वापर’ म्हणे. कुंडलिक हसून हसून आडवा झाला. धीट कसला, डोंबल! हळदीला वाजवून वाजवून लागलेली खोड आहे ती. नवऱ्याला हळद लागायला लागली की धवलारीण धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, उचलते. त्या वेळी बेंजोनं गप्प बसायचं, हा रिवाजच आहे. कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप उचलला जातो. गिरणीत ना नवरा ना धवलारीण, तरी आमचे हात थांबले! नंतर ऐकताना ध्यानात आलं. कुंडलिक म्हणाला, कापू या. मी म्हणालो, राहू दे.

का राहू दे म्हणालो ते त्याला सांगितलेलं नाही. ज्या धवलारणीसाठी मी थांबायला शिकलो ती माझी आय. डोळखांबपासून म्हशापर्यंत सुंदराबाईच्या धवल्याशिवाय हळद लागत नव्हती. दोन वर्षांमागे एका मांडवात ती गात होती आणि डीजेवाल्यानं खुशाल मोठ्यानं गाणं लावलं. पोरं नाचायला लागली. कुणी थांबवलं नाही. ती उठली, घरी आली आणि गाणं बंद. तेव्हापासून चुलीपाशी गुणगुणतसुद्धा नाही. फार वाईट वाटतं. सीडी गाजो नाहीतर बुडो, मला तिचं गाणं परत ऐकायचंय. बाकी काही नको.

१७ डिसेंबर

कंपनीत पेढे वाटले. सुपरवायझर म्हणतो, “धर्मा, पेपरात तुझं नाव? कुठल्या भानगडीत?” पेढे मात्र दोन उचलले लेकानं.

२१ डिसेंबर, रविवार

आज धीर केला. आय ओटीवर तांदूळ पाखडत होती. मी सीडी लावली. पहिल्या गाण्यात आम्ही थांबलो तशी म्हणाली, “बंद पडली का रे?”

“नाय गो, आमीच थांबलोय.”

दुसऱ्या गाण्यात परत तेच. सूप हातातच राहिलं. आणि मग भडकली ना! “आन गाणारी कुठंय? पान वाढून ठेवलंय नि जेवणारा नाय! असं कसं वाजवता रे तुमी?”

माझीही जीभ सटकली. “गाणारी घरात बसलीय. मी काय करू?”

ती उठली. सूप उचलून मागच्या दारी गेली. मला वाटलं, संपलं, आता महिनाभर अबोला. आवाज कमी करायला उठलो, तर तिकडून ओरडली, “बारीक नको करू! हिकडं ऐकू येत नाय.”

जेवताना भाकरीवर तूप जरा जास्तच पडलं. मी गुपचूप खाल्लं.

२९ डिसेंबर

मुंबईहून फोन. फेब्रुवारीत मोठा कार्यक्रम आहे, पोस्टरवर ‘मुरबाडची जोडी’ असं छापणार. कुंडलिकला तर आकाश ठेंगणं झालंय. मीही खूश आहे, खोटं कशाला बोलू! आयला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “तिथं बी मधीच गप्प बसणार का?” मी म्हणालो, “व्हय, रिवाज हाय.” तोंड वळवलं, पण हसली. मी बघितलं.

८ जानेवारी २००४

म्हशाची जत्रा. बैल बघितले, भजी खाल्ली, आयसाठी घोंगडी आणली. “रंग बरा हाय,” म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

११ जानेवारी, रविवार

गिरणीत सराव चालू होता आणि आय दारात! बोलावलं नव्हतं. कुंडलिकला म्हणाली, “तू घाईत थांबतोस. मी हात वर करीन तवा थांब.”

मग तिनं हात वर केला. आम्ही थांबलो, आणि आयनं धवला उचलला.

मुंबईला फोन केला. म्हटलं, पोस्टरवर जोडी छापू नका. आम्ही तिघं आहोत.