आईच्या प्लमखालच्या गांधीलमाश्या

एल्म क्रीक, विस्कॉन्सिन
रविवार, ऑगस्टअखेर

आदरणीय आर्डिसताई,

तुझ्या गुडघ्याची चौकशी आधीच करून टाकतो, कारण एकदा माझं सुरू झालं की तो मागे पडेल. (पडायला नको. नवा बसवलाय, जप त्याला.) ॲरिझोनात उन्हाळा कसा आहे हे मुद्दामच विचारत नाही, तू तापमान आकड्यांत कळवतेस आणि व्हर्ना दोन दिवस हळहळत बसते. इकडे आम्ही नवराबायको मजेत आहोत. माझा डावा कान अजून उजव्यापेक्षा मोठा दिसतो, पण डॉक्टर म्हणतात उतरेल.

कानाचं असं झालं. दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी मी मागच्या बागेत गवत कापत होतो. आईच्या प्लमच्या झाडाखाली यंत्र नेलं आणि जमिनीतून धूर निघतोय असं वाटलं. धूर कसला, गांधीलमाश्या! उंदराच्या जुन्या बिळात त्यांनी संसार थाटला होता आणि मी त्यांच्या छपरावर यंत्र फिरवत होतो. चौसष्टाव्या वर्षी माणूस किती पळू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. एक माशी पँटमध्ये शिरली होती, त्यामुळे शेजारच्या डोलोरेस स्कारबाईंचं अंगण येईपर्यंत पँट माझ्या अंगावर राहिली नव्हती. त्यांच्या नातवंडांच्या प्लास्टिकच्या हौदात मी धपकन बसलो, तेव्हा बाई त्याच हौदात पाय सोडून मासिक वाचत होत्या. (चर्चमध्ये गाताना मी त्यांच्या बरोब्बर मागे उभा असतो, हे तुला ठाऊकच आहे.) पण बाई मोठ्या मनाच्या. मासिकातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "पाणी गार आहे हं, हॅर्लन."

अकरा डंख मोजले, त्यातला एक डाव्या कानावर. व्हर्नाने खायचा सोडा कालवून मला भिंतीसारखं लिंपलं आणि लिंपता लिंपता सुनावलंही, "चार दिवस सांगतेय, प्लमखाली काहीतरी गुणगुणतंय. तर म्हणे फ्रिज असेल!" झाडावर प्लम पिकून लाल झालेले, म्हणून विष फवारायला तिने साफ मनाई केली. मग हार्डवेअरच्या दुकानातल्या ऑर्व्हिलने तोडगा सांगितला: सकाळच्या गारठ्यात माश्या सुस्त असतात, तेव्हा बिळावर काचेचं भांडं पालथं घालायचं. उजेड दिसत राहतो, म्हणून त्या दुसरी वाट खणत नाहीत आणि आतच संपतात. मी हिवाळ्याचा कोट चढवला, टोपीवरून खिडकीचा जाळीचा पडदा सोडला, हातांत व्हर्नाचे भांडी घासायचे मोजे घातले आणि भांडं ठेवून आलो. (व्हर्नाने फोटो काढलाय. तो तुला येणार नाही.) दोन दिवस आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून कॉफी पीत विजय पाहिला. तिसऱ्या दिवशी हातभर अंतरावर नवं दार, आणि ये-जा आधीच्या दुप्पट. ऑर्व्हिलला जाऊन सांगितलं, तर तो म्हणाला, "मग तुमच्या जरा हुशार निघाल्या."

मी हात टेकले. पण या गुरुवारी सकाळी बघतो तर बिळाच्या जागी बादली मावेल एवढा खड्डा! पोळ्याचे तुकडे ओल्या पुठ्ठ्यासारखे गवतभर पसरलेले, आतल्या अळ्या चाटूनपुसून साफ, आणि हवेत असा वास की नाक धरूनही डोळ्यांत जावा. शेपूट उचलून दुर्गंधी फवारणारा आपला स्कंक येऊन गेला होता. दोन आठवडे आम्ही दोघांनी आणि ऑर्व्हिलने जे डोकं लढवलं, ते त्या पांढऱ्या पट्ट्याच्या प्राण्याने एका जेवणात आटोपलं. व्हर्ना दारात उभी राहून म्हणाली, "एवढं काम तू केलं असतंस तर तुझाही वास चालवून घेतला असता."

आता वास बराच ओसरलाय. काल दोन टोपल्या प्लम उतरवले आणि दुपारभर झाडाखाली खुर्च्या टाकून बसून राहिलो. छान वाटलं.

तुझा धाकटा भाऊ,
हॅर्लन

ता. क. घर विकायला तू ज्यांना नेमलंस ते एजंट मि. पेल्की मंगळवारी, म्हणजे स्कंकच्या दोन दिवस आधी, येऊन गेले. त्यांनी विचारलं, "मागची बाग बघू का?" मी म्हटलं, "बघा की." दुसरं काही त्यांनी विचारलं नाही.

आणखी ता. क. फोनवर तू पटापट बोलतेस आणि मी हो-हो म्हणत जातो, म्हणून लिहितोय. ताई, मला आईचं हे घर विकायचं नाही. माझ्या सहीचा कागद आलाय, तो तसाच ठेवलाय. आधी आठवडाभर राहायला ये. मग तू म्हणशील तिथे सही करीन.

शेवटचा ता. क. पेल्की ठीक आहेत. तीनच डंख. व्हर्नाने त्यांना ब्लूबेरीचा केक वाढला, तो दोनदा मागून घेतला. जाताना म्हणाले, "मी असतो तर असं घर विकलं नसतं." तोंडात केक होता आणि माझा कान तेव्हा सुजलेला, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण व्हर्नानेही तेच ऐकलं.