सव्वीस इंची पंख्याबाबत खुलासा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटार वाइंडिंगचा, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी उणे पाचपर्यंत पोचले तेव्हा तेच म्हणाले, "बास करा, बाई."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

१. दुसऱ्या मजल्यावरचे तीन खोल्यांचे राहते घर मी माझ्या एकुलत्या एक मुलीस देत आहे. तिने ते ठेवावे, विकावे किंवा भाड्याने द्यावे, माझे काही म्हणणे नाही. फक्त घेणाऱ्याला एक सांगावे : मागच्या खोलीच्या खिडकीचे गज कापून त्यांना बिजागऱ्या बसवल्या आहेत. तो चोरांचा पराक्रम नाही, विमान बाहेर काढण्यासाठी मीच केलेली सोय आहे.

२. बँकेत आणि अंगावर जे काही निघेल तेही मुलीचेच.

३. दुकानातील वाइंडिंगची दोन्ही यंत्रे, मायक्रोमीटर, तारांची रिळे आणि वार्निश सुकवायची भट्टी ही, माझ्यामागून दुकान सांभाळणाऱ्या कारागीर बाईंची. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना स्क्रू-ड्रायव्हर कुठल्या बाजूने धरतात तेही ठाऊक नव्हते. आज त्यांची कॉइल माझ्याहून नीट बसते. हे मी त्यांना तोंडावर कधी बोलले नाही, कारण माझ्या वडिलांनीही मला कधी म्हटले नव्हते. ही चुकीची रीत आहे, ती त्यांनी पुढे चालवू नये.

४. मी तीनदा मोटार बांधून दिलेला मिक्सर माझ्या नणंदेस. आवाज फार करतो पण दळतो बारीक. दोन्ही गुण तिच्या ओळखीचे आहेत. माझे पती आजारी पडले तेव्हा ती चार माणसांत म्हणाली होती, "बायको दिवसभर दुकानात, मग नवऱ्याकडे कोण बघणार?" मी ते विसरलेले नाही. परंतु मिक्सर चांगला आहे.

५. आता विमान. खरे सांगायचे तर या कलमासाठीच हा कागद करीत आहे. बाकीचे तोंडी सांगून भागले असते.

माझे पती चष्म्याचे दुकान चालवीत. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत, मीसुद्धा. सहा दिवस भिंगे घासायची आणि रविवारी शहराबाहेरच्या मोकळ्या पट्टीवर रेडिओवर चालणारी विमाने उडवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. शेवटचे विमान बांधायला त्यांना चार वर्षे लागली. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच मीटरच्या वर, वजन बारा किलो, खास कसरतीचे. कसरत म्हणजे उलटे जाणे, गिरक्या घेणे आणि सर्वांत अवघड, नाक आभाळाकडे करून हवेत जागच्या जागी उभे राहणे. त्यात पेट्रोलचे इंजिन बसायचे होते. विजेच्या मोटारीचे नाव काढले की ते म्हणत, "अगं, विमान उडवायचंय, पीठ नाही दळायचं." आमच्या संसारात भांडण असे हे एकच टिकले. ते पेट्रोलच्या बाजूने, मी तांब्याच्या.

विमानाला रंग लागला त्याच महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, पण उजवा हात गेला तो गेलाच. इंजिन हाताने फिरवून चालू करावे लागते आणि हातात धरायच्या रेडिओच्या डब्याला दोन दांड्या, त्या दोन हातांनी चालवाव्या लागतात. त्यांनी इंजिन कर्नलना देऊन टाकले, मागच्या खोलीचे दार ओढून घेतले आणि दाढी करणे सोडले. मुलगी आली की तिच्याशीही बोलत नसत. ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, बाबा नुसते श्वास घेताहेत."

कर्नल म्हणजे त्यांचे पट्टीवरचे जिवलग. ते फौजेत कधीच नव्हते, पाण्याचे मीटर वाचायची नोकरी करीत. पण पट्टीवर उभे राहून सगळ्यांना हुकूम सोडत, म्हणून कर्नल. तोड त्यांनीच काढली. एके दिवशी येऊन म्हणाले, "वहिनी, डाव्या दांडीवर मोटारीचा जोर आणि सुकाणू. उजवीवर नाक वरखाली आणि पंख कलवणं. ह्याचा डावा हात शाबूत आहे ना? मग उजवा माझा घ्या. डबा एक, माणसं दोन."

"इंजिन तुम्हीच घेऊन गेलात, भाऊजी. आता पुढे काय, दोरी बांधून ओढायचं?"

"इंजिन परत आणतो. पण ते चालू करताना ह्याला बाजूला उभं राहून बघावं लागेल. ते ह्याला सोसायचं नाही. बटण दाबलं की फिरेल असं काहीतरी करा. मोटारी बांधता ना तुम्ही?"

त्या वाक्याने माझ्यात वारे भरले. मी विजेची मोटार मागवली. तिच्यावर छापले होते : एका व्होल्टमागे मिनिटाला दोनशे चाळीस फेरे. विमानाचा समोरचा पंखा, ज्याला जाणकार प्रोपेलर म्हणतात, तो वीस इंची लावला. गच्चीवर विमानाची शेपूट वजनकाट्याला बांधली, मीटर जोडला आणि पूर्ण जोर दिला. अँपिअर बेताचे, मोटार कोमट, सगळे छान. पण ओढ साडेअकरा किलो, आणि विमान बारा किलोचे. म्हणजे उडाले असते, पण आभाळाकडे नाक करून उभे राहिले नसते. चष्मेवाल्यांना तेवढेच तर हवे होते.

मी सव्वीस इंची पंखा आणला. तो आला शनिवारी संध्याकाळी. रविवारचे ठरलेले. बॅटऱ्या भरून ठेवलेल्या, मोजायला लावल्या असत्या तर अर्ध्या उतरल्या असत्या. आणि रविवारी सकाळी चष्मेवाल्यांनी सात महिन्यांनंतर दाढी केली, डाव्या हाताने. हनुवटीवर दोन ठिकाणी कापले होते. मी नुसता पंखा बदलला आणि निघाले.

हे कोणत्याही वाइंडरने करू नये. पंखा मोठा झाला की त्याला फिरवायला लागणारी ताकद दुपटीने-तिपटीने वाढते. जलद मोटारीला मोठा पंखा लावणे म्हणजे सायकलच्या सर्वांत जड गिअरवर चढ चढणे. मोटार हट्टाने आपला वेग गाठायला बघते, गाठता येत नाही, म्हणून आणखी करंट ओढते, आणि ओढलेला करंट उष्णता होऊन तारेत बसतो. हे मी चाळीस वर्षे लोकांना सांगत आले होते.

पट्टीवर कर्नलनी मला बाजूला घेऊन विचारले, "वहिनी, मोठ्या पंख्यावर अँपिअर मोजलेत?"

मी म्हणाले, "मोजले."

मोजलेले नव्हते.

दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, मध्ये रेडिओचा डबा. विमान वर गेले. चष्मेवाले ओरडले, "नाक वर घे! घे, घे, घे!" विमान उभे राहिले. मी मनात आकडे मोजत होते. नवावर पोचले तेव्हा काळ्या धुराची रेघ दिसली आणि आवाज बंद झाला. सुकाणू-पंखांची बॅटरी वेगळी होती म्हणून विमान हाताबाहेर गेले नाही, पण उंची थोडी होती. वळवून पट्टीवर आणायचे तर वाटेत लोक उभे. कर्नलनी ते सरळ समोरच्या नांगरलेल्या शेतात उतरवले. चाके ढेकळांत रुतली, विमान नाकावर उलटले, डावा पंख मोडला.

चष्मेवाले कर्नलना नाही नाही ते बोलले. "उंची होती! वळवायचं होतं! माझा हात असता तर पट्टीवर आणून ठेवलं असतं. तू पाडलंस. तू माझं विमान पाडलंस." सगळी पट्टी ऐकत होती. कर्नल एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी शेतातून विमान आणून आमच्या गाडीत ठेवले आणि ते निघून गेले. पुन्हा आमच्या घरी आले ते थेट चष्मेवाले गेल्यावर, चार माणसांत, पाच मिनिटांपुरते.

जळक्या वार्निशचा वास माझ्या बोटांना महिनाभर येत होता. मोटार उघडली तेव्हा तार काळी ठिक्कर. मी ती पूर्ण सोलली आणि नव्याने बांधली. मोटारीच्या आतल्या एकेका लोखंडी दातावर तारेचे सहा वेढे होते, ते आठ केले. जागा तेवढीच, म्हणून तारांचा जुडगा बारीक घेतला. वेढे वाढले की मोटारीचा वेग उतरतो आणि तेवढ्याच करंटमध्ये पीळ, म्हणजे फिरवायचा जोर, वाढतो. व्होल्टमागे दोनशे चाळीस फेऱ्यांची मोटार एकशे ऐंशीची झाली. मग गच्चीवर सव्वीस इंची पंखा लावून मोजले, तीन दिवस, तीनदा : ओढ एकोणीस किलो, अँपिअर एकशे पंधरा, हात ठेवता येईल इतकीच गरम. चष्मेवाले खुर्चीत बसून काटा वाचत होते. म्हणाले, "आधीही मोजलं होतंस ना? मग जळली कशी?"

मी म्हणाले, "मोटारीच कधीकधी कच्च्या येतात."

असे मी दुसऱ्यांदा खोटे बोलले.

मोडलेला पंख जोडून घेतला आणि उजव्या हाताची जागा मी घेतली. मुलीच्या कॉम्प्युटरवर शिकले, पडद्यावरची शंभरेक विमाने जमिनीत घातली. पट्टीवर ते ओरडत, "डावीकडे! अगं, तुझ्या डावीकडे नव्हे, विमानाच्या!" मी म्हणे, "मग तसं सांगा ना, अहो." तीन वर्षे आम्ही ते विमान उडवले. विमान नाक वर करून उभे राहिले की चष्मेवाले गप्प होत. त्यांचा अंगठा डाव्या दांडीवर केसभर हलत असे आणि बारा किलोचे ते धूड हवेत जिथल्या तिथे राही. आमच्या पस्तीस वर्षांच्या लग्नात मी त्यांच्या इतकी जवळ कधी उभी राहिले नव्हते. ती जागा दुसऱ्याची होती, हेही मला दर रविवारी माहीत होते.

तरी मी जाहीर करते की त्या रविवारी विमान माझ्या चुकीने पडले. कर्नलनी ते वाचवले तेवढे वाचवले. त्यांचा दोष शून्य. सदर विमान, मोटार, पंखे व रेडिओसह, मी कर्नल यांस देत आहे. बॅटऱ्या फुगल्या आहेत, त्या कोणी भरू नयेत. नव्या जोडताना आधी पंखा काढावा, मग तार लावावी.

६. वरील कलम वाचून माझ्या वकीलबाई, वयाने मुलीहून लहान, म्हणाल्या, "काकू, हे मी त्यांना तुमच्या मागे वाचून दाखवायचं का? ते राहतात बसने तीन थांब्यांवर."

मी कागद घेतला आणि बसने गेले.

कर्नल नळाची गळती काढत होते. पाना हातात ठेवूनच त्यांनी कागद वाचला, उभ्या उभ्या. मग बसले.

"मला आवाजावरून कळलं होतं, वहिनी. विमान सुटलं तेव्हाच मोटार कण्हत होती."

"मग तेव्हाच उतरवायला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. त्याच्याकडे बघितलं. हसत होता."

"आणि नंतर? एवढं ऐकून घेतलंत. एक शब्द बोलला असतात तर..."

"तर तो तुमच्यावर उखडला असता," कर्नल म्हणाले. "माझ्यावाचून त्याचं रविवारी अडणार होतं, वहिनी. तुमच्यावाचून त्याला दात घासता येत नव्हते."

मी तिथे बसून रडले, हे लिहायला हरकत नाही. त्यांनी पाणी दिले, नंतर नळ दाखवला. वॉशर मी बदलला.

निघताना म्हणाले, "विमान मुलीला द्या. ती शिकेल. शिकवीन मी, रविवारी सकाळी सात, उशीर चालणार नाही. मला फक्त या कागदावर साक्षीदार म्हणून सही करू द्या."

वकीलबाईंचे म्हणणे, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष करू नये, दोन्हींतले एक निवडावे. मी कर्नलना फोन करून तसे सांगितले. म्हणाले, "निवडलंय की. त्याच्या विमानाच्या कागदावर एकदा माझं नाव नीट लागू दे."

सबब कलम ५ मधील विमानाबाबतचा शेवटचा मजकूर बदलून, सदर विमान मी माझ्या मुलीस देत आहे. कलम ५ मधील बाकी सर्व मजकूर, विशेषतः दोषाबाबतचा, कायम राहील, आणि तो माझ्या हयातीतच पट्टीवर सर्वांसमोर वाचण्यास माझी संमती आहे.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष वाचून, समजून, त्यावर सही केली.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ मार्च २०२५, रविवार, दुपार

(सही) मोटारवाल्या बाई

साक्षीदार पहिले : (सही) डॉक्टर, तळमजला. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरे : (सही) कर्नल, निवृत्त मीटर-रीडर. सर्व मजकूर वाचला. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, नव्हती.