राब विझला तरी

आई, उन्हाळ्यात राब भाजायला लागले की अख्खं पोशीर गाव खोकायचं. भाताची रोपं टाकायची जागा आधी भाजून घ्यायची, त्यासाठी शेण, पालापाचोळा, पेंढा पसरून पेटवायचा आणि तो धूर घराघरांत शिरायचा. म्हणून तुझ्या खोकल्याला सगळ्यांनी नावच देऊन टाकलं, राबाचा खोकला. अडुळशाचा काढा झाला, हळदीचं दूध झालं, आत्याने तर तेल चोळचोळून तुझी पाठ सोलवटून काढली. पाऊस लागला, लावणी उरकली, तरी लोक आपले धुरालाच बोल लावत होते. शेवटी तूच एक दिवस चिखलात उभी राहून म्हणालीस, "राब कवाच इझला गं. मग ह्यो खोकला कुनाचा?"

त्या प्रश्नाचा मला आजही अभिमान वाटतो. बाबा "बघू दिवाळीनंतर" म्हणत राहिले आणि तू कर्जतच्या दवाखान्यात जाऊन थुंकी तपासायला दिलीस. क्षय निघाला. आपल्याकडे तो शब्द कुणी उच्चारत नसे, 'मोठा खोकला' म्हणायचे, तेही दार लोटून. सुया आणि गोळ्या सुरू झाल्या, काही दिवसांनी खोकला थांबला. आत्या म्हणाली, "झालीस की बरी, आता कशाला टोचून घेतेस?" तू ऐकतेस कसली! "खोकला थांबला म्हंजी रोग गेला असं नाय. डॉक्टर बस म्हनंल तवाच सोडनार." आणि खरंच, डॉक्टरांनी बस म्हणेपर्यंत एक गोळी चुकवली नाहीस.

मग खालापूरकडचे पाहुणे मला बघायला आले. मामाने आधीच तुला बजावलं होतं, "खोकल्याचं काय बोलू नको. पोरीचं जमू दे." चहा आला, बोलणी छान रंगली, आणि तू पदर सावरून म्हणालीस, "एक सांगायचं हाय. मला क्षय झाला व्हता. औषध पुरं केलं, आता बरी हाय. तुमी दुसऱ्याकडून ऐकन्यापरीस मीच सांगते." बशीतला चहा बशीतच राहिला. पाहुणे उठून गेले, मामाने घर डोक्यावर घेतलं आणि मी चुलीपाशी जाऊन रडत बसले. तू शेजारी टेकलीस. "रड, बाय. पन झाकून दिली असती, तर जल्मभर तुला माजा खोकला झाकत बसावं लागलं असतं." पुढे जे सासर मिळालं, ते सगळं ऐकून हो म्हणालं होतं. तिथे तू यायचीस ती अगदी ताठ मानेने, आणि सासूबाई तुला आग्रहाने ठेवून घ्यायच्या.

मी आता मोहोपाड्याला असते. मला खोकला लागलाय, तो काही जात नाही. इथे थंडीला बोल लावतात. काल सून बाळंतपणाहून आली, सोबत तिचे आईवडील होते. तिने नात माझ्या मांडीवर द्यायला उचलली आणि मी हात मागे घेतले. इतकी वाट बघितली होती गं तिची! व्याह्यांसमोरच सांगितलं, "मला खोकला आहे. उद्या तपासायला जाते, तोवर तिला माझ्याजवळ देऊ नका." सांगितलं खरं, पण आवाज कापला. त्या दिवशी तुझा आवाज जरासुद्धा कापला नव्हता, असं मी आजवर सगळ्यांना अभिमानाने सांगत आले. खरं सांगू? मी तेव्हा तुझ्याकडे बघतच नव्हते. मी पाहुण्यांची तोंडं बघत होते.