राहून गेलेलं पत्र

३ मार्च, सोमवार

क्लेम नामंजूर! 'इंजिनातील बदल कंपनीस कळवलेला नाही, सबब दावा फेटाळण्यात येत आहे.' सबब म्हणे!

कळवलेला नाही? गेल्या सप्टेंबरात गाडीला मोठं इंजिन बसवलं, आरटीओत रीतसर नोंद केली, आरसीवर नवा इंजिन नंबर आला — आणि त्याच आठवड्यात पत्र आणि आरसीची प्रत आफताबकाकांच्या हातात दिली. नानांचे पंचवीस वर्षांचे दोस्त. कसब्यात सीटकव्हरचं दुकान, तिथेच विम्याची एजन्सी. ट्रॅक्टरपासून माझ्या स्कूटीपर्यंत घरातला प्रत्येक विमा त्यांनीच काढलेला.

गाडी जानेवारीत चोरीला गेली. भरदिवसा, खराडीत ऑफिसच्या मागच्या रस्त्यावरून. दोन वर्षं मी आणि नाना तिच्याखाली झोपून हात काळे करत होतो. आई गेल्यावर नानांनी बोलणंच टाकलं होतं. त्या इंजिनापाशी परत बोलायला लागले. 'पाना दे.' 'तो न्हाय, बाराचा.' तेवढंच, पण बोलायला लागले. क्लेमच्या फॉर्मवर हे लिहायला रकाना नाही.

४ मार्च

कंपनीत फोन. सौमित्र नावाचा अधिकारी. "मॅडम, एजंटला दिलं म्हणजे आम्हाला मिळालं, असं नसतं."

मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी छुपं लॉक बसवलं तेव्हा याच एजंटने कळवलं, तुमचा माणूस येऊन बघूनही गेला. तेव्हा बरं मिळालं! किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ देत नाही असलं लॉक.

"हो ना. कॅमेऱ्यात चोर अर्ध्या मिनिटात गाडी घेऊन जाताना दिसतोय. फारच मनमिळाऊ लॉक दिसतंय."

नाव लिहून ठेवते — सौमित्र. खाली दोन रेघा.

६ मार्च

अर्धी रजा टाकून कसब्यात गेले. आफताबकाका मशीनवर शिवत होते. नेहमीसारखं "ये तेजू बेटा, चहा सांगतो." मी उभीच राहिले.

"काका, इंजिनाचं पत्र कंपनीला दिलंत की नाही?"

मशीन थांबलं. कापडाकडेच बघत म्हणाले, "नाही दिलं."

"का?"

"राहून गेलं."

एवढंच! सॉरी नाही, कारण नाही. मी फोन काढून त्यांचाच मेसेज नाकासमोर धरला — 'कागद मिळाले. उद्या पाठवतो.' वाचला. मान हलवली. "तुझं बरोबर आहे," म्हणाले.

तो शांतपणा! त्यापेक्षा भांडले असते तर बरं.

७ मार्च

राहून गेलं म्हणे. दाखवते, काय काय राहतं ते.

१६ मार्च

कंपनीकडे लेखी तक्रार, एजंटचं नाव घालून. मेसेजची प्रत जोडली. 'यांची एजन्सी रद्द करावी' हे वाक्य तीनदा लिहून पाहिलं, तिसऱ्यांदा छान धारदार आलं.

मग भावकी. रंगरावकाकांपासून सुरुवात केली. खराडीत, वाघोलीत, मांजरीत — ज्याच्या दारात आफताबकाकांनी विमा काढलेली गाडी, त्याला फोन. "आमचं असं झालं, तुम्ही बघा बाबा." जास्त काही बोलावंच लागत नाही. गाव अजून गावच आहे, वर इमारती आल्या म्हणून काय झालं! संध्याकाळपर्यंत नऊ घरांनी एजंट बदलायचं कबूल केलं.

कित्येक महिन्यांनंतर आज पोटभर जेवले.

२ एप्रिल

नाना ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "तेजे, जाऊ दे आता. आफताब वाईट न्हाय."

"तुमच्या दोस्तीपायी मी गप्प बसू?"

"तसं न्हाय गं."

"मग कसं?"

नाना ताटावरून उठले, हात धुतला, शेडमध्ये जाऊन बसले. तिथे आता काही नाही, नुसते तेलाचे डाग. चिडच आली मला. आपली गाडी गेली आणि यांना दया चोराच्या भावाची!

२१ एप्रिल

कंपनीचं उत्तर — निर्णय कायम. अपेक्षितच. विमा लोकपालांकडे अर्ज टाकला.

१८ जून

सुनावणी. कंपनीकडून सौमित्र. फोनवरून वाटला होता त्यापेक्षा बारका. आफताबकाकांनाही बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, ईदला आमच्याकडे शीरखुर्मा आणायचे तेव्हा घालायचे तसा.

लोकपालांनी विचारलं, "पत्र मिळालं होतं?" "हो." "पाठवलं का नाहीत?" "माझ्याकडून राहिलं." "काही अडचण? आजारपण?" "नाही साहेब. चूक माझी."

सौमित्रचं तोंड बघण्यासारखं झालं. एजंट कंपनीचा, पत्र एजंटला मिळालेलं — म्हणजे कंपनीलाच मिळालं! मी मुद्दा ठणकावून मांडला.

बाहेर जिन्यात आफताबकाका थांबले होते. "दत्तोबाची तब्येत कशी आहे?" नानांना ते दत्तोबाच म्हणतात. मी उत्तर न देता उतरून आले. मस्त वाटलं. खरंच मस्त वाटलं.

२५ जुलै

जिंकले!! क्लेम मंजूर करायचा आदेश. सौमित्रचा फोन — "अभिनंदन, मॅडम." दात आवळून. वर त्याने स्वतःच सांगितलं, एजंटची एजन्सी रद्द केली.

ते पुन्हा सांगा म्हटलं. "काय ते?" "एजन्सी रद्द केल्याचं हो. परत एकदा म्हणा."

म्हणाला बिचारा.

१ ऑगस्ट

मुद्दाम कसब्यातून आले. दुकानावरची विम्याची पाटी उतरवलीय, भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय. आफताबकाका आत पाठमोरे शिवत होते. फोटो काढला. घरी येऊन नानांना दाखवला. "बघा, तुमचा दोस्त."

नानांनी फोन हातात घेतला. लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. चहा तसाच ठेवला आणि चपला घालून निघाले. "कुठं?" "बसनं कसब्यात जातो." सांधे धरलेले, चार महिने कोपऱ्यापर्यंत गेले नव्हते!

अंधार पडायच्या आत परत आले. जेवले नाहीत.

२ ऑगस्ट

आज नाना बोलले. नवं इंजिन बसल्यावर ते छुपं लॉक जुळेना, चालती गाडी बंद पाडायचं. मी घाटात एकटी अडकेन म्हणून त्यांनी मला न सांगता काढून टाकलं. पत्र गेलं की कंपनीचा माणूस बघायला येणार आणि लॉक नाही हे त्याला दिसणार; दुसरं मिळेपर्यंत तो यायला नको होता.

"मीच त्याला म्हनलो, पत्र ठेव, आठ दिस थांब. अन् पोरीला सांगू नको." मग म्हणाले, "मी त्याला परत 'आता दे पत्र' म्हनलोच न्हाय गं. अन् त्यानं कुनालाच सांगितलं न्हाय."